आरसी गाडीच्या सस्पेन्शनला टायटॅनियम : कुठे घालावे आणि कुठे नाही

आरसी म्हणजे रेडिओ-नियंत्रित छोट्या गाड्या; त्यांतल्या एक-दशांश प्रमाणातल्या इलेक्ट्रिक ऑफ-रोड बगी चालवणाऱ्यांत टायटॅनियमचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘टायटॅनियम टाकलं की गाडी हलकी होते’ हे पहिले आणि ‘टायटॅनियम स्टीलपेक्षा मजबूत असतं’ हे दुसरे. पहिले खरे आहे, परंतु त्यातून होणारा फायदा लोक समजतात त्याच्या मानाने फारच थोडा आहे. दुसऱ्याचा खरेखोटेपणा तुलना कोणत्या स्टीलशी चालली आहे यावर ठरतो, आणि नीट उष्णता-प्रक्रिया केलेल्या उत्तम स्टीलशी तुलना केली तर ते सरळ चुकीचे आहे. असे असूनही माझ्या गाडीत टायटॅनियमचे काही भाग आहेत आणि ते काढण्याचा माझा विचार नाही. ते ज्या गुणासाठी बसवले आहेत तो गुण या दोन्ही वाक्यांत येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी धातूविषयी. ‘टायटॅनियम’ या एकाच नावाखाली निदान दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. ग्रेड २ म्हणजे जवळजवळ शुद्ध टायटॅनियम. ते गंजत नाही म्हणून रासायनिक कारखान्यांच्या नळ्यांना उत्तम असते, परंतु ज्या ताणापलीकडे धातू कायमचा वाकतो ती त्याची मर्यादा, म्हणजे यील्ड स्ट्रेंग्थ, साधारण २७५ मेगापास्कल असते आणि ती साध्या माइल्ड स्टीलच्या आसपासचीच झाली. ग्रेड ५ मध्ये सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेले असते आणि तिथे हीच मर्यादा ८५० मेगापास्कलच्या घरात जाते. आरसी गाडीच्या सस्पेन्शनला घेण्याजोगे टायटॅनियम म्हणजे ग्रेड ५. पाकिटावर ग्रेडचा उल्लेखच नसेल तर तो भाग मी घेत नाही, मग त्याचा निळा-जांभळा रंग कितीही देखणा असो. टायटॅनियमवर तो रंग चढतो विजेच्या प्रवाहाने वाढवलेल्या ऑक्साइडच्या अतिपातळ थरामुळे. व्होल्टेज बदलले की थराची जाडी बदलते आणि जाडीनुसार रंग बदलतो. मजबुतीचा त्या रंगाशी काहीही संबंध नाही.

आता वजनाचा हिशेब. दर घन सेंटिमीटरला ग्रेड ५ चे वजन ४.४३ ग्रॅम आणि स्टीलचे ७.८५ ग्रॅम, म्हणजे तेवढ्याच आकाराचा टायटॅनियमचा भाग साधारण ४४ टक्क्यांनी हलका. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. परंतु ३ मिलिमीटर व्यासाचा आणि ५० मिलिमीटर लांबीचा टर्नबकल, म्हणजे फिरवून जोडणीची लांबी कमी-जास्त करता येणारा आट्यांचा दांडा, घेतला तर स्टीलचा भरतो सुमारे २.८ ग्रॅम आणि टायटॅनियमचा १.६ ग्रॅम. टू-व्हील ड्राइव्ह बगीत दोन स्टिअरिंगचे, दोन पुढच्या कॅम्बर लिंकचे (चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, ठरवणाऱ्या जोडणीचे) आणि दोन मागच्या कॅम्बर लिंकचे असे सहा टर्नबकल असतात. सहाही बदलले तरी बचत सात ग्रॅमच्या आसपास, आणि गाडी असते जवळपास दीड किलोची. शिवाय आजच्या ब्रशलेस मोटर आणि लहान लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीच्या जमान्यात कित्येक गाड्या स्पर्धेच्या किमान वजनापेक्षा हलक्याच भरतात आणि त्यांच्यात पितळेच्या पट्ट्या घालून वजन वाढवावे लागते. वर टायटॅनियम आणि खाली पितळ हा प्रकार पाहून हसू येते खरे, तरी तो अगदीच अडाणीपणा नाही, कारण वर असलेले वजन काढून तेच चेसिसच्या तळाशी ठेवले तर गुरुत्वमध्य खाली येतो. मात्र सात ग्रॅमच्या अदलाबदलीने वळणावर फरक जाणवला असे कोणी सांगितले, तर त्याच दिवशी त्याने टायरही बदलले होते का, एवढे मी विचारतो.

वजनाइतकाच ताठपणाही पाहिला पाहिजे, कारण टायटॅनियमची खरी उणीव तिथे आहे. धातू भाराखाली किती लवतो हे त्याच्या यंग गुणांकावर ठरते. स्टीलसाठी तो साधारण २०५ गिगापास्कल, ग्रेड ५ साठी ११४ आणि ७०७५ जातीच्या ॲल्युमिनियमसाठी ७२ असतो. तेव्हा त्याच मापाचा टायटॅनियमचा दांडा तेवढ्याच भाराखाली स्टीलच्या दांड्यापेक्षा जवळजवळ १.८ पट लवतो. व्यास वाढवून ही उणीव भरून काढता येते. गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो, त्यामुळे ३ ऐवजी ३.५ मिलिमीटर व्यास घेतला तर टायटॅनियमचा दांडा ३ मिलिमीटरच्या स्टीलइतका ताठ होतो. मात्र या जाड दांड्याचे वजन स्टीलच्या तुलनेत केवळ २३ टक्क्यांनी कमी राहते. थोडक्यात, ४४ टक्के वजनबचत आणि स्टीलचा ताठपणा या दोन्ही गोष्टी एकाच भागात मिळत नाहीत. जुन्या गाडीचे ३ मिलिमीटरचे स्टीलचे टर्नबकल काढून त्याच मापाचे टायटॅनियमचे बसवणाऱ्याने आपण ताठपणा देऊन वजनबचत घेत आहोत हे समजून बसवावे.

मग ते बसवायचेच कशासाठी? धडक बसल्यावर मूळ आकारात परत येण्यासाठी. एखादा धातू कायमचा न वाकता किती ताणला जाऊ शकतो, हे यील्ड स्ट्रेंग्थला यंग गुणांकाने भागले की कळते. माइल्ड स्टीलसाठी हे उत्तर सुमारे ०.१२ टक्के येते. चांगल्या उष्णता-प्रक्रिया केलेल्या स्टीलसाठी ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास जाते आणि ग्रेड ५ टायटॅनियमसाठी पाऊण टक्क्याच्या. ज्या लवचिकतेला वरच्या परिच्छेदात उणीव म्हटले तीच इथे कामाला येते, कारण दांडा जास्त लवतो आणि तरीही सरळ होतो. ७०७५ ॲल्युमिनियमचा आकडाही कागदावर ०.७ टक्के येतो, परंतु त्याची यील्ड स्ट्रेंग्थ पाचशे मेगापास्कलच्या आसपासच असल्यामुळे तेवढ्याच जाडीचा दांडा बराच कमी भार सोसून वाकतो.

ट्रॅकवर याचा अर्थ काय होतो ते पाहू. मुरुमाच्या ट्रॅकवर उडी चुकली आणि गाडीचे पुढचे चाक कडेच्या पाइपवर आपटले की स्टिअरिंगचा टर्नबकल दोन्ही टोकांकडून दाबला जातो आणि धनुष्यासारखा बाकतो. साध्या स्टीलचा असेल तर त्यातला थोडा बाक तसाच राहतो. समजा ५० मिलिमीटरचा दांडा मधोमध २ मिलिमीटर बाकलेला राहिला, तर त्याच्या टोकांमधले अंतर ०.२ मिलिमीटरच्या आसपास कमी होते. स्टिअरिंगचा आर्म १८ मिलिमीटरचा धरला तर तेवढ्याने चाक अर्ध्या अंशाहून थोडे जास्त फिरते. पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, आपण अर्ध्या-एक अंशाच्या हिशेबात लावतो, म्हणजे एका धडकेत एका बाजूचे सगळे सेटिंग गेले. यातली वाईट बाब अशी की हा बाक चटकन दिसत नाही. गाडी सरळ रेषेत किंचित एका बाजूला ओढत राहते, चालक ट्रान्समीटरवर ट्रिम देऊन ती सरळ करतो आणि पुढच्या फेऱ्यांत गाडी डाव्या व उजव्या वळणावर वेगवेगळी का वागते याचे खापर टायरवर फोडतो. शंका आली की मी टर्नबकल काढून काचेवर घरंगळवतो. सरळ दांडा एकसारखा आवाज करत जातो, बाकलेला दांडा टकटक करतो आणि त्याच्या खालची उजेडाची फट उघडझाप करते. टायटॅनियमच्या टर्नबकलचा उपयोग मला इथे पटला, कारण शर्यतीच्या दिवशी सकाळी लावलेला टो आणि कॅम्बर तो संध्याकाळपर्यंत टिकवतो.

पण दांडा वाकला नाही म्हणजे धडकेची ऊर्जा नाहीशी झाली असे नव्हे. ती पुढच्या कमकुवत भागाकडे जाते. आरसी गाडीत तो भाग बहुधा प्लास्टिकचा बॉल कप, म्हणजे टर्नबकलच्या टोकाची वाटी, असतो, आणि बॉल स्टडवरून, म्हणजे गोल डोक्याच्या खिळीवरून, कप सटकणे हा त्या जोडणीचा फ्यूजच समजावा. कप परत दाबून बसवला की गाडी चालू होते. म्हणून टायटॅनियमचे टर्नबकल बसवताना कप सटकू नयेत म्हणून त्यावर आणखी कडक कप चढवण्याची हौस टाळावी, नाहीतर पुढची पाळी सस्पेन्शन आर्मची किंवा शॉक टॉवरची (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे वरचे टोक जिथे बसते त्या उभ्या पट्टीची) येते, आणि ते दोन्ही भाग कपापेक्षा बरेच महाग असतात.

टर्नबकल निवडताना मी सर्वांत जास्त वेळ आटे पाहण्यात घालवतो. ३ मिलिमीटरच्या आट्यांच्या तळाशी धातूचा व्यास उरतो जेमतेम २.४ मिलिमीटर. वाकण्याची ताकद व्यासाच्या तिसऱ्या घाताने बदलते, त्यामुळे आट्यांच्या तळाशी ती भरीव ३ मिलिमीटर दांड्याच्या निम्म्यावर येते. टर्नबकल मोडला तर बहुतेक वेळा कपाच्या तोंडाशी, पहिल्या उघड्या आट्यापाशीच मोडतो, याचे कारण हे आहे. टायटॅनियम खाचेला संवेदनशील असल्यामुळे आटे कसे पाडले आहेत याला फार महत्त्व येते. लेथवर किंवा डायने कापलेल्या आट्यांच्या तळाशी हत्याराच्या बारीक रेघा राहतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. रोल केलेल्या आट्यांत धातू कापला न जाता दाबून वर सारलेला असतो, तळ गुळगुळीत आणि गोलसर राहतो आणि वारंवार येणारा भार असे आटे जास्त काळ सोसतात. घड्याळजीचे भिंग लावून पाहिले तर फरक कळतो : रोल केलेले आटे तळापासून माथ्यापर्यंत चकचकीत असतात आणि दांड्याच्या टोकाशी बहुधा वाटीसारखा किंचित खळगा असतो, तर कापलेल्या आट्यांच्या कडांना कधी कधी बारीक चूर लागलेली दिसते. दुसरी खबरदारी लांबीची. टर्नबकल असा निवडावा की सेटिंग लावल्यावर दोन्ही बाजूंना कपाबाहेर अगदी थोडे आटे उघडे राहतील. मधला भाग जाड ठेवून टोकांना ३ मिलिमीटरचे आटे दिलेले टर्नबकलही मिळतात. त्यांचा मधला भाग ताठ असतो, पण त्यामुळे उघड्या आट्यांची काळजी संपत नाही.

उत्तम स्प्रिंग स्टील मिळत असेल तर टायटॅनियमची गरजच काय, हा प्रश्न रास्त आहे. एक्सरे कंपनीच्या स्पर्धेच्या गाड्यांबरोबर हुडी या नावाने येणाऱ्या स्प्रिंग स्टीलचे टर्नबकल मुळातच येतात, आणि अशा गाडीच्या मालकाने पहिला खर्च टायटॅनियमवर करावा असे मला वाटत नाही. ज्या किटमध्ये मऊ स्टीलचे टर्नबकल येतात, तिथे बदलाचा फरक लगेच कळतो. लन्सफोर्ड ही अमेरिकी कंपनी टायटॅनियमच्या टर्नबकलसाठीच ओळखली जाते आणि असोसिएटेडसारखे गाड्यांचे उत्पादकही आपल्या गाड्यांच्या मापाचे संच विकतात. असा तयार संच घेतला तर लांबी मोजत बसावे लागत नाही.

हिंज पिनांचा निर्णय एवढा सरळ नाही. सस्पेन्शन आर्म ज्या पिनेवर वरखाली होतो ती पिन वाकण्याचा भार घेते आणि सतत घासलीही जाते. पहिल्या कामात टायटॅनियम बरे, दुसऱ्यात वाईट. ग्रेड ५ चा कठीणपणा रॉकवेल मापाने सुमारे ३६ एचआरसी असतो, तर कठीण केलेल्या स्टीलच्या पिनेचा ५५ ते ६० असू शकतो. युरोपात हल्ली पुष्कळ शर्यती कार्पेटवर किंवा कृत्रिम गवतावर होतात, आणि तिथे टायटॅनियमची पिन चांगली टिकत असावी असे मानायला हरकत नाही. आपल्याकडचा मुरूम वेगळा. त्याची बारीक धूळ आर्मच्या भोकात शिरते, खडे नायलॉनमध्ये रुततात आणि आतून सँडपेपरसारखे काम करतात. पिन बाहेर काढली की तिच्यावर जिथे आर्मची धार येते तिथे करड्या रेघांचे कडे उमटलेले दिसते, आणि त्यावरून नख फिरवले तर ते अडते. इतक्यावर येईपर्यंत चाकाला खेळ आलेला असतो आणि टर्नबकलने वाचवलेला टो पिनेने घालवलेला असतो. चाकाकडच्या बाहेरच्या पिनेला न्याय द्यायचा तर तिचे वजन पूर्णपणे स्प्रिंगखालचे, म्हणजे चाकाबरोबर वरखाली होणारे, असते, त्यामुळे वाचलेला ग्रॅम तिथे जास्त मोलाचा. तरीसुद्धा मुरुमावर मी आत-बाहेर दोन्हीकडे कठीण स्टीलच्या पिनाच ठेवतो.

शॉकच्या, म्हणजे धक्के शोषणाऱ्या तेलाच्या नळीच्या, शाफ्टबाबत तर शंकाच नको. शाफ्ट दर सेकंदाला कित्येकदा रबरी ओ-रिंगमधून वरखाली होतो. त्यावर एक ओरखडा उठला की ओ-रिंग कापली जाते आणि सिलिकॉन तेल गळू लागते. उघड्या टायटॅनियमचा पृष्ठभाग हे काम करण्याच्या लायकीचा नाही. इथे नावांचा घोळ मात्र बराच आहे. ट्रॅक्सस कंपनीच्या बऱ्याच शॉकमध्ये ‘टायटॅनियम नायट्राइड’चा सोनेरी लेप दिलेले शाफ्ट येतात, टामियाही ‘टायटॅनियम कोट’ असलेले भाग विकते, आणि घेणारा घरी येऊन सांगतो की टायटॅनियमचे शाफ्ट आणले. हा लेप काही मायक्रॉन जाडीचा, अतिशय कठीण आणि गुळगुळीत असतो, आणि शाफ्टला नेमके तेच हवे असते. परंतु लेपाखालचा शाफ्ट सहसा स्टीलचाच असतो आणि वजन तसूभरही कमी होत नाही. उत्पादक काही खोटे सांगत नाहीत, आपण पाकीट अर्धवट वाचतो.

बॉल स्टड आणि स्क्रू यांविषयी थोडक्यात लिहितो. आखूड मानेचे टायटॅनियम बॉल स्टड चालतात. कॅम्बर लिंकची उंची बदलण्यासाठी खाली जाड वॉशर घालणार असाल तर मानेवरचा भार वाढतो आणि मी स्टीलकडे वळतो. १२.९ दर्जाच्या स्टीलच्या स्क्रूची ताणशक्ती १२०० मेगापास्कल असते, तर ग्रेड ५ टायटॅनियमची ९५० च्या आसपास, म्हणजे त्याच मापाचा स्क्रू सुमारे २० टक्क्यांनी कमकुवत. आर्म माउंट, स्टिअरिंगचे खांब, शॉक टॉवर अशा धडक सोसणाऱ्या जागी तो बदल मी करत नाही. शिवाय २ मिलिमीटरच्या ॲलन-कीचे टोक झिजलेले असेल तर टायटॅनियमच्या स्क्रूचे डोके एका झटक्यात गोल होते आणि मग तो काढताना जीव मेटाकुटीला येतो.

खरे-खोटे ओळखणे घरीच जमते. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर आणि एक लोहचुंबक एवढे पुरते. एखाद्या साध्या गोल पिनेचा व्यास आणि लांबी मोजून घनफळ काढावे : ३ मिलिमीटर व्यासाची ४६ मिलिमीटर लांब पिन टायटॅनियमची असेल तर काट्यावर १.४४ ग्रॅम दाखवेल आणि स्टीलची असेल तर २.५५ ग्रॅम. हा फरक एवढा मोठा आहे की मोजण्यातल्या बारीक चुकीने तो झाकला जात नाही. फक्त चुंबकावर विसंबू नये, कारण ३०४ जातीचे स्टेनलेस स्टीलही चुंबकाला जवळपास दाद देत नाही. ग्राइंडरवर धरले तर टायटॅनियमच्या ठिणग्या झगझगीत पांढऱ्या उडतात, पण त्यासाठी एक भाग वाया घालवावा लागतो आणि टायटॅनियमची बारीक भुकटी पेट घेते, म्हणून हा प्रयोग जपून करावा. ग्रेड २ आणि ग्रेड ५ यांचे वजन जवळजवळ सारखेच असल्यामुळे ग्रेड मात्र काट्यावर कळत नाही. तिथे विक्रेत्याने लेखी दिलेला ग्रेड आणि त्याचा लौकिक यांवरच भिस्त ठेवावी लागते.

किमतीबद्दल तक्रार करताना लोक टायटॅनियम दुर्मिळ असल्याचे सांगतात. ते दुर्मिळ नाही. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे आणि केरळातल्या चवऱ्याची वाळू तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. जगातल्या टायटॅनियम खनिजाचा बहुतांश भाग रंगांत वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या भुकटीसाठी जातो. महाग आहे ते खनिजापासून धातू काढणे : क्लोरिनच्या साहाय्याने टेट्राक्लोराइड करायचे, मॅग्नेशियमने त्यातला धातू वेगळा करायचा, आणि हवेचा स्पर्श होऊ न देता तो निर्वातात वितळवायचा. पुढे लेथवर तो उष्णता वाहून नेत नाही, सगळी उष्णता हत्याराच्या टोकावर साचते आणि टूल लवकर झिजतात. परदेशातून मागवायचे तर त्यावर टपाल आणि कस्टम ड्यूटी. त्यामुळे सगळे संच एकदम घेण्यापेक्षा आधी स्टिअरिंगचे दोन टर्नबकल घ्यावेत, मग मागच्या कॅम्बर लिंकचे आणि शेवटी पुढच्या कॅम्बर लिंकचे, असा क्रम मी धरला, कारण आमच्या ट्रॅकवर स्टिअरिंगचेच टर्नबकल सर्वांत जास्त वाकतात.

बसवताना एका टोकाला उलटे आटे असतात हे ध्यानात ठेवावे. बहुतेक टर्नबकलवर त्या टोकाकडे बारीक खाच कोरलेली असते. सगळ्या खाचा गाडीच्या एकाच बाजूला आल्या पाहिजेत, म्हणजे पाना कुठल्या दिशेने फिरवला की लिंक लांब होते याचा प्रत्येक वेळी विचार करावा लागत नाही. प्लास्टिकच्या कपात टायटॅनियम अडकत नाही, पण धातूच्या आट्यांत कोरडे पिळले तर ते चिकटून बसते, म्हणून ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या प्रत्येक स्टडला आधी ग्रीसचा थेंब लावावा. अलिबाग किंवा मुरूडच्या ओल्या वाळूत गाडी पळवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. खाऱ्या पाण्यात टायटॅनियमला काही होत नाही, मात्र त्याला टेकलेले ॲल्युमिनियम त्याच्या संगतीने लवकर खराब होते आणि स्टडच्या भोवती पांढरी पूड जमू लागते. तेव्हा घरी आल्यावर गाडी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून त्या जोडण्या एकदा सोडवून पाहाव्यात.